‘डबल ट्रॉली’ म्हणालो तर एवढं काय झालं?

पत्र थोडक्यात: साताऱ्याचे एक वाचक, चाळिशीला टेकलेले, स्वतःचं दुकान. पहाटे पळणाऱ्यांचा एक ग्रुप चालवतात. शिक्षक, दुकानदार, दोन डॉक्टर, पोलीस भरतीची पोरं, सात-आठ बायका असा सगळा गोतावळा सातारा हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट घासतोय. ग्रुपची भाषा यांनीच घडवली. पळून पार संपला की ‘चिपाड झालं’, चढावर वेग तुटला की ‘पेंड खाल्ली’, कोण मधेच थांबला की ‘बैल बसला’, उतारावर सुसाट सुटला की ‘कासरा सोडला’. रेसचा टाइम जाहीर झाला का विचारायचं तर ‘बिल निघालं का’, आणि रेसच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी म्हणजे ‘बेंदूर’, बैलांचा सण. जूनमध्ये अकोल्याकडून बदलून आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एक मॅडम ग्रुपमध्ये आल्या. त्या सगळ्यांत मागं असायच्या म्हणून यांनी त्यांना ‘डबल ट्रॉली’ (उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडत येणाऱ्या दोन ट्रॉल्या) नाव दिलं, आणि एका रविवारी घाटातला त्यांचा फोटो उसाच्या ट्रॅक्टरच्या फोटोशेजारी लावून ग्रुपवर टाकला. मॅडमनी हसण्याची इमोजी टाकली. दोन आठवड्यांनी ग्रुप सोडला. आता दुसऱ्या एक ताई सांगतात की मॅडमना फार लागलं. वाचक विचारतात, आमच्याकडं असंच बोलतात, मी स्वतःला रेडा म्हणवून घेतो, त्या बाहेरच्या म्हणून त्यांना कळलं नाही, आता एका माणसासाठी सगळ्या ग्रुपची भाषा बदलायची का, माफी मागितली तर मजाच जाईल. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: मागच्या रविवारी भरतीचं एक पोरगं शेवटच्या किलोमीटरला भेलकांडून पडलं, ओकलं, नंतर म्हणालं की मला घाटातच गरगरत होतं, पण थांबलो असतो तर ‘बैल बसला’ झालं असतं.

दादा,

पत्र दोनदा वाचलं, पहिल्यांदा हसत वाचलं हे कबूल करते. ‘बिल निघालं का’ तर मी आमच्याकडं लगेच चालू केलंय, कारण टाइमिंगचं सर्टिफिकेट आणि उसाचं बिल, दोन्हीची वाट आपल्या भागात सारख्याच चिकाटीनं बघतात. तेव्हा भाषा बंद करा असं मी सांगणार नाही, ती भीती आधी काढून टाका. पण तुम्ही पत्र ज्या क्रमानं लिहिलंय तो क्रम मला पटला नाही. मॅडमचा विषय दोन पानं, आणि पोरगं पडलं ते शेवटी एका ओळीत, ‘तेवढ्यात आठवलं म्हणून’. मी उलटं वाचते. ते पोरगं आणि त्या मॅडम ही एकच गोष्ट आहे. दोघांनीही तुमच्या विनोदापुढं आपल्याला काय होतंय ते सांगायचं टाळलं. एक हसली आणि गेली, एक गप्प राहिला आणि पडला.

आता तुमची एकेक बाजू घेऊ.

‘आमच्याकडं असंच बोलतात.’ बोलतात की. मी सांगलीची, मला काय नवीन नाही, आमच्याकडं तर प्रेमानं बोललेलं सुद्धा भांडण वाटतं ऐकणाऱ्याला. पण खरं सांगा, साताऱ्यात सुद्धा कोण कुणाला काय बोलतो याचा एक कायदा आहे की नाही? दाजीची थट्टा मेव्हणा करतो, दीर वहिनीची करतो, जुना वर्गमित्र भर लग्नात ‘अय टकल्या’ म्हणून हाक मारतो आणि टकल्या खुशीत वळून बघतो. पण नवीन सोयरीक जुळलेल्या व्याह्याला पहिल्या भेटीत कोण तसं बोलतं का? तिथं आपण एकदम ‘या, बसा, पाणी घ्या’ होतो. म्हणजे आधी नातं येतं, मग थट्टा येते, हे आपल्याकडचंच वळण आहे. मॅडम जूनमध्ये आल्या, त्यांचं ग्रुपमध्ये अजून कुणाशी धड नातं नव्हतं, घरी एकट्या राहत असतील तर सकाळचा हा तासभर सोडला तर गावात ओळखीचं माणूस नाही, आणि तुम्ही थेट शेवटच्या पायरीवरची थट्टा काढलीत, ती पण फोटो लावून. हे आमच्याकडं असंच बोलतात नव्हे, आमच्याकडं सुद्धा असं बोलत नाहीत.

‘त्या हसल्या.’ नवीन माणूस हसतोच हो. वीस-पंचवीस जण हसतायत आणि आपण तोंड पाडून बसलो तर ‘बाईला जोक कळत नाही’ हे दुसरं नाव पडतं, म्हणून हसतो. त्या इमोजीला परवानगी समजू नका.

‘बाहेरच्या म्हणून कळलं नाही.’ हे तर अजिबातच नाही पटलं. वऱ्हाडी माणसाला थट्टा शिकवायला आपण कुठं निघालोय, त्यांच्याकडं बसल्या बसल्या माणसाची सालं काढतात. ‘पेंड खाल्ली’ म्हणजे काय हे त्यांनी कदाचित कुणाला तरी विचारलं असेल, पण स्वतःचा फोटो आणि शेजारी ऊस भरलेला ट्रॅक्टर, यात न कळण्यासारखं काय आहे? त्यांना पूर्ण कळलं म्हणूनच त्या गेल्या.

‘मी स्वतःला रेडा म्हणवून घेतो.’ दादा, तुम्ही पुढं पळता. पुढं पळणाऱ्याला रेडा म्हटलं की ती ताकदीची तारीफ होते, आणि ते नाव तुम्ही स्वतः निवडलंय, बहुतेक आरशात बघून खूश होऊन निवडलंय. मागून येणाऱ्याला ट्रॉली म्हटलं की ते त्याच्या अंगावर बोललेलं असतं, आणि बाईच्या अंगावर बोललेलं तर ती घरी गेल्यावर सुद्धा विसरत नाही. ही बरोबरी होत नाही.

आता राहिलं ‘मजा जाईल’. इथं जरा थांबते, कारण तुमच्या ग्रुपच्या भाषेत एक चांगली गोष्ट आहे आणि ती बहुतेक तुम्हालाच दिसलेली नाही.

तुमचे शब्द नीट बघा. चिपाड झालं, पेंड खाल्ली, कासरा सोडला, हे सगळे त्या वेळेपुरते आहेत. आज माझं चिपाड झालं, परवा नाही होणार. आज तुम्ही पेंड खाल्ली, उद्या मी खाईन. तो शब्द येतो आणि जातो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो, म्हणून तो कुणाला टोचत नाही. ‘डबल ट्रॉली’ मात्र माणसाला चिकटवलं. ते त्या दिवशीच्या वेगाचं नाव राहिलं नाही, बाईचं नाव झालं. ‘बैल बसला’ याच दोन्हीच्या मधे कुठंतरी आहे, सुरुवात एका प्रसंगापासून झाली असेल पण आता त्याची दहशत झालीय.

जगभरातल्या लांब पल्ल्याच्या खेळात अशा शब्दांची रेलचेल आहे आणि टिकलेले शब्द बघितले तर मजा वाटते. टूर द फ्रान्समध्ये एकूण यादीत सगळ्यात शेवटी असणाऱ्या सायकलस्वाराला ‘लाल कंदील’ म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो त्यावरून. ते त्या जागेचं नाव आहे, आज याच्याकडं, उद्या दुसऱ्याकडं, आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, कारण तीन आठवडे सायकल मारून तो शेवटपर्यंत टिकलाय, मधेच सोडून गेलेले यादीतच नाहीत. युरोपातले सायकलवाले अंगातली साखर संपून पाय एकदम जड झाले की ‘हातोडेवाला भेटला’ म्हणतात. बघा, दोष त्या हातोडेवाल्याचा, पळणाऱ्याचा नाही. आणि दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची अल्ट्रा मॅरेथॉन होते, साधारण ८७-९० किलोमीटरची, बारा तासांची मुदत, तिथं ठराविक वेळेत पोचवायचं म्हणून एक अनुभवी माणूस पुढं पळतो आणि त्याच्या मागं घोळका पळतो, त्या घोळक्याला ‘बस’ म्हणतात आणि पुढच्याला ड्रायव्हर. कितीतरी हळू पळणारी माणसं त्या बसमध्ये बसून मुदतीच्या आत पोचतात. तुमच्या ट्रॉलीची आणि त्यांच्या बसची गाडी तशी एकाच जातीची, पण बसमध्ये माणसाला जागा मिळते, आणि तुम्ही माणसालाच ट्रॉली केलंत.

तुमच्या जिल्ह्यातलंच बघा. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरला लोक ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणतात, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल गाठली. ते नाव माणसाला चिकटलेलंच आहे की, पण ते ऐकून कुणाला घरी जाऊन रडावंसं वाटत नाही. तेव्हा माणसाला नाव देऊच नये असं माझं म्हणणं नाही. द्यायचंच तर ते त्याला विचारून द्या, आणि तो मागं राहतो यावरून, जाडीवरून, वयावरून, जातीवरून, गावच्या बोलीवरून देऊ नका. एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं, याचे नियम लिहून ग्रुपवर पिन करू नका, त्यानं खरंच मजा जाते.

आता भाषा वापरायची कशी ते सांगते, कारण हे तुमच्यासारख्या कितीतरी ग्रुपना उपयोगी पडेल. गावोगाव पळणाऱ्यांचे ग्रुप झालेत आणि सगळीकडं एकच अडचण आहे. कोच इंग्रजीत बोलतो, झोन टू, टेम्पो, थ्रेशोल्ड, आणि ऐकणारा मान हलवतो आणि त्याला वाटेल तसा पळतो. त्यापेक्षा आपले शब्द बरे, फक्त ते कामाला लावले पाहिजेत.

आमच्या हरिपूर रस्त्याला पळणाऱ्या बायकांचं माप सांगते. निवांत पळणं म्हणजे ‘गाऱ्हाणं’, म्हणजे सासूचं किंवा साहेबाचं पूर्ण गाऱ्हाणं न थांबता सांगता आलं पाहिजे. त्याच्या वरचा वेग ‘हुंकार’, बोलणं तुटतं, दुसरी सांगते आणि आपण नुसतं हं, हं करतो. त्याच्या वरचं ‘मौनव्रत’, ते आठवड्यातनं एखाद्या दिवशी, थोडा वेळ. यात काही आमचा शोध नाही, बोलता येतंय का यावरून जोर मोजायची पद्धत जगभर वापरतात, टॉक टेस्ट म्हणतात तिला. पण ‘आज सगळं गाऱ्हाण्यात पळायचं’ म्हटलं की साठीच्या मावशींपासून कॉलेजच्या पोरीपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि दोघी वेगवेगळ्या वेगानं पळूनही आपापल्या जागी बरोबर असतात. कोण पुढं कोण मागं हा विषयच उरत नाही. आणि तुम्हाला तर याची आमच्यापेक्षा जास्त गरज आहे, आम्ही सांगलीवाले सपाटीला पळतो, चढ बघायचा तर दंडोबाच्या डोंगराला जावं लागतं. तुमच्या घाटात घड्याळातला किलोमीटरचा वेग काहीच कामाचा नाही. सपाटीला सात मिनिटांत किलोमीटर जाणारा चढाला नऊ-दहावर जातो आणि तरी त्याला तेवढाच किंवा जास्त जोर पडत असतो. तिथं वेग बघून ‘पेंड खाल्ली’ म्हणणं चूकच आहे, कदाचित तोच शहाण्यासारखा चढत असेल आणि तुम्ही रेडे फुकट तापत असाल.

भरतीच्या पोरांचं तर खास सांगा. त्यांची परीक्षा १६०० मीटरची, त्यामुळं त्यांच्या डोक्यात पळणं म्हणजे सुरुवातीपासून मौनव्रत. ती पोरं २१ किलोमीटरच्या घाटाला तसंच सुटतात, बऱ्याचदा रात्री नीट न जेवता, सकाळी नुसता चहा मारून. जोरात पळताना अंगात साठवलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते, उपाशीपोटी सुटलेल्याला त्याच्या आधीच झटका बसू शकतो. मग हातोडेवाला भेटतो, यवतेश्वरला भेटो नाहीतर परत येताना समर्थ मंदिरापाशी.

आणि ‘कासरा सोडला’ या शब्दावर माझा वेगळा राग आहे. तुमच्याकडं ती शाबासकी आहे. अहो, घाट उतरताना गाडीवान कासरा सोडतो का धरतो? २०१२ पासून तुमची हिल मॅरेथॉन होतेय, २०१५ ला गिनेस बुकात नोंद झाली, एवढ्या वर्षांत साताऱ्याच्या पोरासोरांना ठाऊक झालंय की जाताना चढ आणि येताना उतार. माणसं चढाला घाबरतात आणि उताराला फसतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन झेलत असतात, त्यात त्यांना बारीक बारीक इजा होते, आणि ती त्या क्षणी कळत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी चालू होतं, दोन-तीन दिवस वाढतं, माणूस जिना उलटा उतरायला लागतो. त्यात पावसाळ्यात घाटात शेवाळ, धुकं, आणि कासला फुलं आली की शनिवार-रविवारी गाड्यांची ही रांग. तेव्हा तो शब्द फिरवा. उताराला लागलं की पुढच्यानं ओरडायचं ‘कासरा धर’, म्हणजे पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, रस्त्याच्या कडेनं. एक शब्द, आणि अख्खी सूचना पोचते. असा शब्द इंग्रजीत शोधून सापडणार नाही. ‘बेंदूर’ तर तुमचा सगळ्यात शहाणा शब्द आहे, बैलाला त्या दिवशी जू लावत नाहीत, धुतात, सजवतात, पुरणपोळी घालतात. फक्त तो खरंच पाळा, बेंदराच्या दिवशी ‘जरा पाच किलोमीटर मारून येऊ’ म्हणणारे तुमच्यात किमान तिघं असणार, मला पत्रातनं वास येतोय.

आता त्या पोराकडं येऊ.

माझ्या मते ‘बैल बसला’ काढून टाका. शब्द वाईट आहे म्हणून नाही, खरं तर फार छान शब्द आहे, नांगराचा बैल मधेच बसला की तो काय उठत नाही, सगळं चित्र उभं राहतं. पण आता त्या शब्दाला घाबरून माणसं थांबत नाहीत, आणि पळताना थांबता येणं हे जिवाचं काम आहे. गरगरतंय, बोलणं अडखळतंय, पाय वाकडे पडतायत, एकदम थंडी वाजल्यासारखं होतंय, छातीत दाब वाटतोय किंवा जबड्यात-हातात कळ जातेय, यातलं काहीही झालं तर थांबायचंच, आणि पुढं पळायचं नाही. उष्माघातात माणसाला घाम येत असतो तरी तो उष्माघात असू शकतो, ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ हा गैरसमज फार पसरलाय. पाण्याचं पण तसंच, कमी पडलं तर त्रास, आणि भीतीपोटी तहान नसताना लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, तो वेगळाच त्रास. दोन्हीत माणूस सारखाच भेलकांडतो, त्यामुळं ‘पाणी पाज त्याला’ म्हणून मोकळं होऊ नका. सावलीत घ्या, अंग तापलेलं असेल तर गार पाणी ओता, बोलायला लावा, उत्तरं वेडीवाकडी येत असतील तर १०८ ला फोन. आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर तडक दवाखाना, तिथं ‘जरा चिपाड झालंय’ म्हणून घरी पडून राहायचं नाही.

त्याऐवजी एक शब्द असा ठरवा की जो म्हटल्यावर कुणी हसायचं नाही. समजा ‘गाडी लावली’. कुणीही, कधीही, कारण न सांगता म्हणायचं ‘गाडी लावली’, की त्याच्याजवळचा एक जण त्याच्याबरोबर थांबणार, दोघं चालत खाली येणार, आणि त्यावर त्या दिवशी ग्रुपवर एक अक्षर नाही, एक इमोजी नाही. पहिल्यांदा तुम्ही स्वतः म्हणा. हो, तुम्हीच, रेड्यानंच. पुढच्याच रविवारी, काही झालेलं नसताना, घाटात अर्ध्यावर ‘माझी गाडी लावली’ म्हणून थांबा आणि चालत खाली या. भरतीच्या पोरांनी ते बघितलं पाहिजे. नुसतं मेसेज टाकून पोरं ऐकत नाहीत, ती तुमच्याकडं बघून पळतात. आणि त्या पडलेल्या पोराला रविवारच्या आत तुमच्यातल्या कुठल्यातरी डॉक्टरकडं बसवा, बीपी, ईसीजी, साखर, जे काय त्यांना वाटेल ते. तो ‘मी ओके आहे काका’ म्हणेल. तरी न्या.

मग मॅडम.

तुम्ही विचारलंय माफी मागू का. मागा, पण ग्रुपवर नको. ग्रुपवर मागितली की त्यांना सगळ्यांपुढं ‘अहो काही नाही, मी काही मनावर घेतलं नाही’ असं लिहावं लागेल, म्हणजे परत ती इमोजीच. त्या ताईंच्या हातून निरोप पण नको. सरळ फोन करायचा तर आधी मेसेज करून विचारा, आणि मेसेजच करायचा तर छोटा. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असलं काही लिहू नका, त्यात चूक त्यांच्या वाटण्याची होते. साधं लिहा: ‘मॅडम, मी तुमचा फोटो लावून जी चेष्टा केली ती मी करायला नको होती. फोटो काढून टाकलाय. पुन्हा तसं होणार नाही. उत्तर नाही दिलं तरी चालेल.’ एवढंच. खाली ‘परत या ना’ लावू नका, कारण मग त्या मेसेजला वजन येतं, त्यांना हो किंवा नाही ठरवावं लागतं, आणि तुम्ही माफी मागता मागता काहीतरी मागून घेताय असं होतं. फोटो आधी खरंच डिलीट करा, ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांना पण सांगा. आणि ग्रुपवर मॅडमचं नाव न घेता एवढं टाका की इथून पुढं कुणाच्या अंगावरून, वेगावरून फोटोची चेष्टा नाही, सुरुवात माझ्यापासून. तुमचा एखादा जुना मित्र म्हणेल, ‘काय राव, तू पण लेडीज झालास’. म्हणू द्या. त्याला पुढच्या रविवारी सगळ्यांत मागं राहून शेवटच्या माणसाबरोबर यायचं काम द्या, फार चांगला उपाय आहे तो.

त्या उत्तर देणार नाहीत कदाचित. दिलं तरी येणार नाहीत कदाचित. दुसरा ग्रुप बघतील, अजिंक्यताऱ्यावर एकट्या चढतील, किंवा पळणं सोडतील. ते तुमच्या हातात नाही आणि ते झालं तर परत त्या ताईंकडून चौकशा करत बसू नका.

पण मागं राहणारी माणसं तुमच्याकडं येतच राहणार, दर जूनला नवीन बॅच येते ना, रेसची नोंदणी झाली की. त्यांच्यासाठी एक सोय करा, फार सोपी आहे आणि नवल म्हणजे बहुतेक ग्रुप करत नाहीत. हळू पळणाऱ्यांना वीस-पंचवीस मिनिटं आधी सोडा. एकटं नाही, तुमच्यातला एक जुना माणूस बरोबर, आळीपाळीनं, अंधार असेल तर बॅटरी आणि चमकणारं जाकीट. मग वरती वळायच्या जागी सगळे साधारण एकाच वेळी भेटतात, पाणी एकत्र पितात, फोटोत सगळे असतात, आणि शेवटी कुणी एकटं घाट उतरत नाही. आत्ता तुमच्याकडं काय होतं ते मी सांगते, पुढचे खाली येऊन चहा पिऊन घरी गेलेले असतात आणि मागचा माणूस येतो तेव्हा तिथं टपरीवाला सोडून कुणी नसतं. मॅडम किती रविवार तशा आल्या असतील तेवढं एकदा त्या ताईंना नाही, स्वतःलाच विचारा.

या आधी सुटणाऱ्या बॅचला काहीतरी नाव पडणार हे मला माहितीय, साताऱ्यात बिननावाचं काही राहत नाही. ते काय असावं हे त्या बॅचवाल्यांनाच ठरवू द्या. त्यांनी स्वतःच ‘डबल ट्रॉली’ ठेवलं तरी तुम्ही त्यावर ग्रुपवर काही लिहू नका, ट्रॅक्टरचा फोटो तर अजिबात नको.